सालाबादचा हिशेब : आगगाडीचे आंकडे आणि त्यांचा अर्थ



रेल्वेचें वर्ष ३१ मार्चला संपतें, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रांत एक बातमी येते. यंदा इतके कोटी टन माल वाहिला, इतके कोटी उतारू गेले, उत्पन्न गेल्या वर्षापेक्षां इतकें वाढलें. सुशिक्षित घरांतहि ही बातमी बहुधा मथळ्यापुरतीच वाचली जाते. आंकडा वाढला असेल तर बरें वाटतें, घटला असेल तर कोणाचें तरी चुकलें असें वाटतें, आणि पान उलटलें जातें. मी आयुष्यभर मुलांना गणित आणि इतिहास हे दोन विषय शिकविले. गणिताच्या तासाला बेरीज बरोबर आली कीं काम संपतें. इतिहासाच्या तासाला ती बेरीज कशाची, हें विचारल्यावांचून कामाला सुरुवातच होत नाहीं. आज रेल्वेच्या सालाबादच्या आंकड्यांना हा दुसऱ्या तासाचा प्रश्न विचारावा असा माझा विचार आहे.

प्रथम हे आंकडे होतात कसे तें पाहूं. अहवालांत उतारूंची म्हणून जी संख्या दिलेली असते, ती माणसांची नव्हे, प्रवासांची असते. ठाण्याहून बोरीबंदरला जाणारा मनुष्य एक उतारू, आणि मुंबईहून हावड्याला जाणारा मनुष्यहि एकच उतारू. पासधारकाच्या नांवावर महिन्याच्या ठराविक फेऱ्या धरून तितके उतारू मांडले जातात. मालाचेंहि तसेंच आहे. एक टन कोळसा पन्नास मैल गेला काय किंवा हजार मैल गेला काय, टन एकच. म्हणून जाणते लोक दुसरी एक मोजणी करतात. एक उतारू एक मैल गेला कीं तो एक उतारू-मैल, आणि एक टन माल एक मैल गेला कीं तो एक टन-मैल. आतां मैलाच्या जागीं किलोमीटर आला आहे, एवढाच फरक. या दोन मोजण्यांत किती अंतर पडतें याचें उदाहरण जवळचेंच आहे. २०१८-१९ सालीं भारतीय रेल्वेनें सुमारे ८४४ कोटी उतारू नेले. त्यांतील निम्म्याहून अधिक मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा शहरांच्या उपनगरी गाड्यांतले होते. परंतु तोडलेलें अंतर मोजलें, तर या निम्म्याहून अधिक उतारूंचा वाटा सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच भरतो.

याशिवाय उत्पन्नाचा आंकडा असतो आणि खर्चाचा असतो, आणि शंभर रुपये मिळविण्यास किती रुपये खर्चावे लागले हें सांगणारें एक प्रमाण असतें. इतकी ओळख करून घेतली म्हणजे मागच्या पावणेदोनशें वर्षांकडे वळतां येईल.

या देशांत आगगाडी येण्यापूर्वींच तिच्या प्राप्तीचा अंदाज बांधला गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीं मे १८४५ मध्यें हिंदुस्थानांतील आपल्या सरकारला एक खलिता पाठविला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. इंग्लंडांत रेल्वेला मुख्य प्राप्ति उतारूंपासून होते व मालापासून कमी होते. हिंदुस्थानांत याच्या उलट होईल. येथील लोक गरीब आणि पुष्कळ भागांत वस्ती विरळ. पण देशांत माल विपुल आहे आणि तो बाजारांत नेण्याचें स्वस्त साधन नाहीं. तेव्हां तूर्त तरी गाडी चालेल ती मालावरच.

पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशें पाहुणे आणि एकवीस मैलांचा रस्ता. या एकवीस मैलांवर वाहून नेण्याजोगा माल फारसा नव्हताच. पण माणसें मात्र होतीं, आणि तीं आलीं. जातिभेद मानणारे लोक एकमेकांना लागून डब्यांत बसणार नाहींत, ही शंका पुष्कळांनीं बोलून दाखविली होती. ती थोड्याच दिवसांत निकालांत निघाली. भाडें परवडलें कीं लोक बसतात, एवढाच धडा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांनीं सर्वांस दिला. सगळ्या हिंदुस्थानांत मिळून १८७१ सालीं सुमारे दोन कोटी उतारू गेले. १९०१ सालीं ते अठरा कोटींच्या घरांत गेले, आणि १९२९-३० सालीं सुमारे त्रेसष्ट कोटी झाले. शंभरांतले नव्वदांहून अधिक उतारू तिसऱ्या वर्गाचे असत.

तथापि संचालकांचा अंदाज सर्वस्वीं खोटा ठरला असेंहि म्हणतां येणार नाहीं. रूळ घाट चढून देशावर गेले, तेव्हां मालाचें उत्पन्न उतारूंच्या उत्पन्नाच्या पुढें गेलें आणि पुढेंच राहिलें. १८७१ सालीं सुमारे ३६ लक्ष टन असलेला मालाचा बोजा १९०१ सालीं सव्वाचार कोटी टनांवर आणि १९२९-३० सालीं साडेअकरा कोटी टनांवर गेला. म्हणजे संचालकांना पैशाचा हिशेब बराचसा बरोबर करतां आला. चुकला तो माणसांचा.

आतां हे चढते आंकडे वाचून कोणासहि वाटेल कीं हा भरभराटीचाच इतिहास असला पाहिजे. म्हणून कांहीं निवडक वर्षें जवळून पाहूं.

पहिलीं वर्षें कापसाचीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि मुंबईकडे वळली. भाव भडकले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तोंवर लमाणांच्या बैलांवरून आणि गाड्यांतून पावसापाण्याला तोंड देत, धुळीनें माखत बंदरावर येत असे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग १८६३ सालीं बोरघाट चढला, १८६५ सालीं थळघाट चढला आणि १८६७ सालीं नागपुरास पोंचला. खामगांव, अमरावती या कापसाच्या पेठांना १८७० च्या सुमारास शाखा जोडल्या गेल्या. पण युद्ध १८६५ सालींच थांबलें होतें. भाव कोसळले, मुंबईंत पेढ्या बुडाल्या, आणि तेजीच्या भरांत कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या हातीं सांपडला. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या कारणांत या मंदीचीहि गणना झाली. कापसाच्या गांठी मात्र वाघिणींतून जातच राहिल्या, कारण पीक बदलणें सोपें नव्हतें. अहवालांत गांठींचा आंकडा असतो. त्या गांठीचा भाव लिव्हरपूलला काय ठरला आणि त्यांतलें वऱ्हाडांत किती पोंचलें, याला तेथें रकाना नसतो.

दुसरें वर्ष १८७७. हें वर्ष मी विद्यार्थ्यांना नेहमीं थांबून शिकवीत असें. १८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस गेला. मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग, मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचें राज्य यांवर दुष्काळ पडला, आणि तो १८७८ पर्यंत पुरला. ब्रिटिश मुलखांतच मेलेल्यांची संख्या पन्नास लक्षांवर धरली जाते. आतां त्या सालचा रेल्वेचा हिशेब पाहा. उत्तरेकडून आणि बंदरांतून धान्य भरून गाड्यांमागून गाड्या दक्षिणेस निघाल्या. मालाचें वजन वाढलें, अंतर वाढलें, भाड्याची प्राप्ति वाढली. ज्या रेल्वेच्या व्याजासाठीं सरकारी तिजोरींतून दरवर्षीं भर घालावी लागत असे, तिचें उत्पन्न त्या सालीं एकाएकीं फुगलें. केवळ आंकडा पाहणारा म्हणेल कीं रेल्वेला हें वर्ष उत्तम गेलें. तें उत्तम गेलें होतें कारण लोक अन्नावांचून मरत होते.

येथें रेल्वेवर अन्याय होऊं नये म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जेथें रूळ होते तेथें धान्य पोंचलें. जेथें रूळ नव्हते तेथें तें बैलांनीं न्यावयाचें होतें, आणि बैल तर चाऱ्यावांचून माणसांच्या आधीं मेले होते. परंतु त्याच काळांत देशांतून गहूं परदेशीं जाणेंहि थांबलें नव्हतें. जो रूळ धान्य आणतो तोच तें नेतोहि. धान्य कोणत्या बाजूला जाईल हें रूळ ठरवीत नाहीं. तें ज्याच्या हातीं पैसा असतो तो ठरवितो. दुष्काळी गांवांत धान्य येऊनहि तें विकत घेण्यास मजुराजवळ पैसा नव्हता, हें तेव्हांच्या दुःखाचें मर्म होतें.

या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ मंडळानें १८८० सालीं सांगितलें कीं, देशाच्या रक्षणासाठीं एकूण वीस हजार मैल लोहमार्ग असला पाहिजे, आणि त्यांतील पांच हजार मैल तर विनाविलंब बांधले पाहिजेत. त्याच विचारांतून १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे निघाली. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतून जाणारा हा मीटर मापाचा मार्ग नफ्याकडे पाहून बांधलेला नव्हता. दुष्काळाच्या वर्षीं धान्य पोंचावें हा त्याचा उद्देश होता. अशा मार्गाच्या हिशेबांत चांगल्या पावसाच्या वर्षीं तूट दिसणार हें उघड आहे. त्या तुटीला तोटा म्हणावें कीं विम्याचा हप्ता म्हणावें, हा प्रश्न मी श्रोत्यांवरच सोंपवितों.

हप्ता भरणारा कोण, हा प्रश्न मात्र तेव्हांहि विचारला गेला. आरंभींच्या कंपन्यांना सरकारनें भांडवलावर दरसाल पांच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीला प्राप्ति झाली नाहीं तरी लंडनमधील भागीदाराला त्याचे पांच टक्के मिळावयाचेच, आणि कमी पडेल तें हिंदुस्थानच्या वसुलांतून द्यावयाचें. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें स्पष्ट सांगितलें कीं, हमी मिळाल्यावर आपला पैसा विटाचुन्यांत गेला काय किंवा हुगळी नदींत गेला काय, याची भांडवलवाल्याला फिकीर नव्हती. खर्च अवाच्या सवा झाला यांत नवल नाहीं.

या सर्व हिशेबाची छाननी करणाऱ्यांत आपल्याकडील एका शाळामास्तराचें नांव पुढें आहे, हें सांगतांना मला अर्थातच आनंद होतो. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांतून शिकवीत आणि पुणें सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत अर्थशास्त्रावर इंग्रजींत लिहीत. १८८४ सालीं त्यांनीं खुला व्यापार आणि रेल्वेची वाढ यांच्या आर्थिक परिणामांवर लिहिलें. सरकारी अहवालांतील तेच आंकडे त्यांनीं घेतले, पण त्यांना दुसरे प्रश्न विचारले. गाडींतून बाहेर काय जातें? कच्चा माल. आंत काय येतें? तयार माल. मग गांवचा विणकर, लोहार, तेली यांचें काय झालें? वाढलेल्या टनांत त्यांचा बुडालेला धंदाहि मोजला गेला आहे काय? पुढें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष दिली आणि नंतर अंदाजपत्रकांवर भाषणें केलीं. त्यांच्या आंकड्यांच्या तयारीस या जोशीमास्तरांचें मोठें साहाय्य होतें. कालव्यांना हात आंखडता आणि रेल्वेला मोकळा, ही तक्रार त्या पिढीनें आंकड्यांनिशीं मांडली. अहवाल सरकारचा असला तरी त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार सरकारचा एकट्याचा नाहीं, हा त्यांच्या कामाचा बोध आहे.

१९०० च्या सुमारास रेल्वेचा एकूण हिशेब सरकारच्या दृष्टीनें प्रथमच नफ्याचा झाला. वाहतूक वाढली होती, आणि रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावल्यामुळें लंडनला द्यावयाच्या व्याजाचा भार आंवरला होता. पण तीं वर्षेंहि सुकाळाचीं नव्हतीं. संवत् १९५६ मध्यें पडला म्हणून ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, तो १८९९-१९०० चा दुष्काळ गुजराथ, खानदेश आणि वऱ्हाड या भागांवर तेव्हांच कोसळला होता. नफा दुष्काळानें आणला असें मी म्हणत नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडूं शकतात, आणि पहिलीवरून दुसरीचा पत्ता लागत नाहीं, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आणि नफा झाला तो कोणाच्या पैशानें? उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गाचा होता. ज्याला बसावयास लांकडी बांक, आणि पुष्कळदां तोहि नाहीं, त्याच्या आण्या-पैशांनीं ही थैली भरत होती. महात्मा गांधींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीं एक छोटें पुस्तक लिहिलें. स्वतः तिसऱ्या वर्गानें फिरून त्यांनीं तेथील गर्दी आणि घाण वर्णिली, आणि वरच्या वर्गांच्या चैनीचा खर्च तिसरा वर्ग भरतो, निदान त्याला आवश्यक तेवढें तरी द्या, अशी मागणी केली. तिसरा वर्ग या नांवाचा वर्ग आपल्या रेल्वेवरून १९७४ सालीं गेला. ती मागणी पुरी झाली कीं नाहीं, याचें उत्तर सुट्टीच्या दिवसांत साध्या डब्याच्या दारांत उभे राहणारेच देतील.

मोठ्या मार्गांच्या आंकड्यांत वर्षाची सरासरी निघते, आणि सरासरींत ऋतु दिसत नाहींत. ते पाहावयाचे तर लहान मार्गाकडे जावें. बार्शी लाईट रेल्वे हा असा एक मार्ग. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरानें उभारली. १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून ती बार्शीस गेली, १९०६ सालीं पंढरपुरास आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. आषाढी-कार्तिकीला तिच्या डब्यांत पाऊल ठेवावयास जागा नसे, आणि वारी सरली कीं तेच डबे रिकामे धांवत. माल म्हणजे कापूस आणि धान्य. पाऊस झाला तर पेठ भरे आणि वारीहि भरे. १९५४ सालीं हा मार्ग सरकारकडे आला आणि या शतकाच्या पहिल्या दशकांत त्याचे रूळ रुंद मापाचे झाले. पण त्याच्या जमाखर्चांत एका लहानशा टापूचा पाऊस आणि भक्ति हीं दोन्ही जितकीं स्पष्ट उमटत, तितकीं तीं मोठ्या अहवालांत उमटत नाहींत.

आतां नफ्याच्या आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधतों. पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ या वर्षांत, येथील रूळ, इंजिनें आणि डबे मेसोपोटेमिया व पूर्व आफ्रिका येथें पाठविण्यांत आले. येथें मात्र वाहतूक वाढलेली होती, आणि दुरुस्ती व नवी भर थांबलेली होती. खर्च कमी आणि प्राप्ति अधिक, तेव्हां हिशेब देखणा झाला. पण घर गळत असतां कौलें न शाकारतां वांचविलेले पैसे ही कांहीं शिल्लक नव्हे. युद्ध संपल्यावर जुने पूल, झिजलेले रूळ आणि थकलेलीं इंजिनें एकदम पुढें उभीं राहिलीं. सर विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या समितीनें १९२१ सालीं हें सर्व उघड केलें. रेल्वेचा जमाखर्च सरकारच्या सामान्य जमाखर्चापासून वेगळा करावा आणि मार्गांचा कारभार सरकारनें स्वतः पाहावा, असा तिच्या विचाराचा रोख होता. त्याप्रमाणें सप्टेंबर १९२४ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळाच्या ठरावानें रेल्वेचा हिशेब वेगळा झाला. झीज भरून काढण्यासाठीं घसारा निधि ठेवण्यांत आला, आणि भांडवलावर एक टक्का व शिलकेचा पांचवा हिस्सा रेल्वेनें सरकारला द्यावा असें ठरलें. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा कारभार १९२५ सालीं सरकारकडे आला.

ही व्यवस्था नीट बसते न बसते तोंच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. धान्याचे भाव पडले, शेतकऱ्याच्या हातीं पैसा राहिला नाहीं, माल थांबला, उतारू घटले, आणि उरलेल्यांतले कांहीं मोटारींनीं उचलले. १९३१-३२ पासून कांहीं वर्षें रेल्वेला सरकारचा हिस्सा देतां आला नाहीं. व्याज भागविण्यास घसारा निधींतूनच उसनें घ्यावें लागलें. म्हणजे झिजेसाठीं ठेवलेलें व्याजांत गेलें. त्यानंतर दुसरें महायुद्ध आलें आणि चित्र एकदम पालटलें. पुन्हां इंजिनें व डबे बाहेर गेले, कांहीं शाखांचे रूळहि उखडले गेले. लोकांनीं प्रवास करूं नये म्हणून सरकारनें जाहिराती लावल्या. तरीहि १९४५-४६ सालीं उतारूंची संख्या शंभर कोटींवर गेली. उत्पन्नाचा आंकडा पूर्वीं कधीं नव्हता इतका झाला, आणि माणसें डब्यांच्या टपांवर बसलीं. १९४७ सालीं फाळणी झाली. निर्वासितांच्या गाड्या भरून येत-जात राहिल्या. त्या प्रवासांना कोणत्या रकान्यांत घालावें?

स्वतंत्र भारताच्या आंकड्यांची सुरुवात १९५०-५१ पासून धरण्याचा प्रघात आहे. त्या वर्षीं सुमारे १२८ कोटी उतारू गेले आणि भाडें मिळणारा माल सुमारे ७.३ कोटी टन होता. २०२३-२४ सालीं माल १५९ कोटी टनांच्या आसपास गेला. वाढ एकवीस-बावीसपट झाली. पण याच काळांत देशांतील सगळ्या मालवाहतुकींत रेल्वेचा वाटा मात्र खालीं आला. एके काळीं चार-पंचमांशांहून अधिक माल रुळांवरून जात असे. आतां त्याचा मोठा भाग सडकेनें जातो. रेल्वेचा आंकडा वाढला, पण देशाची गरज त्याहून वेगानें वाढली. शिवाय या मालांत जवळजवळ निम्मा एकटा कोळसा आहे. कोळशाच्या भाड्यांतून जें उरतें त्यानें उतारूंच्या वाहतुकीची तूट भरून निघते. १८४५ च्या संचालकांनीं आजचा हिशेब पाहिला असता तर मान डोलावली असती. फरक एवढाच कीं त्या वेळीं तिसऱ्या वर्गाचा उतारू वरच्या वर्गाची चैन भागवीत होता, आतां कोळसा साध्या उतारूचें तिकीट स्वस्त ठेवतो. आणि कोळशाचें भाडें विजेच्या दरांतून शेवटीं आपल्याच घरीं येतें.

शेवटचें वर्ष आपणां सर्वांच्या स्मरणांतलें. मार्च १९ च्या सुमारास नव्हे, तर नेमकें मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यांत, साथीमुळें उतारूंच्या गाड्या देशभर थांबल्या. युद्धांत, संपांत किंवा फाळणींतहि असें कधीं झालें नव्हतें. २०१९-२० सालीं सुमारे ८०९ कोटी उतारू गेले होते. २०२०-२१ सालीं ते सुमारे १२५ कोटी झाले. म्हणजे सत्तर वर्षांची वाढ एका वर्षांत पुसली जाऊन आपण १९५०-५१ च्याहि किंचित् खालीं गेलों, आणि तेंहि लोकसंख्या जवळजवळ चौपट झालेली असतांना. उतारूंपासूनचें उत्पन्न सुमारे पन्नास हजार कोटी रुपयांवरून पंधरा हजार कोटींच्या घरांत आलें. माल मात्र घटला नाहीं. तो सुमारे १२१ कोटी टनांवरून १२३ कोटी टनांवर गेला. वीजघरांना कोळसा पोंचला, शिधापत्रिकेवरचें धान्य पोंचलें. १ मे २०२० पासून श्रमिकांसाठीं खास गाड्या निघाल्या. पण त्यापूर्वींच्या आठवड्यांत जीं माणसें मुंबई-पुण्याहून मुलांना खांद्यावर घेऊन शेंकडों मैल चालत गेलीं, त्यांचा आंकडा रेल्वेच्या कोणत्याहि तक्त्यांत नाहीं. तक्त्यांत तिकीट काढलेले लोक असतात. ज्यांना तिकीट मिळालें नाहीं ते नसतात.

१८७७ आणि २०२० या दोन वर्षांमध्यें एकशेंत्रेचाळीस वर्षांचें अंतर आहे. पहिल्या वर्षीं आंकडा चढला आणि माणसें मेलीं. दुसऱ्या वर्षीं उतारूंचा आंकडा पडला, पण तो माणसें वांचविण्यासाठीं गाड्या थांबविल्यामुळें पडला, आणि त्या थांबण्याचा भार सर्वांत अधिक गरिबावर आला. दोन्ही वर्षांचा अर्थ केवळ चढउतारावरून लावूं गेलों तर उलटाच लागेल.

तेव्हां पुढच्या एप्रिलमध्यें ही बातमी येईल, तेव्हां ती मथळ्यावरच सोडूं नये अशी माझी विनंती आहे. घरांतल्या मुलांनाहि ती वाचावयास द्यावी. टन वाढले असतील तर कशाचे वाढले तें पाहावें. उतारू वाढले असतील तर ते जवळचे कीं लांबचे, आणि त्यांना बसावयास जागा वाढली काय, तें पाहावें. नफा दिसला तर रूळ आणि पूल यांच्या दुरुस्तीवर त्या वर्षीं किती खर्च झाला तो रकाना उघडावा. एका वर्षावर न थांबतां मागचीं दहा वर्षें शेजारीं मांडावीं. हें करावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. गणेश व्यंकटेश जोशी शाळेंत शिकवून उरलेल्या वेळांत हें करीत होते, आणि त्यांच्यापाशीं सरकारी अहवालांखेरीज दुसरें कांहींहि नव्हतें.